लिस्बनमधले चार महिने: जहाजाची वाट पाहणारं जोडपं

आजचा भाग लिस्बनवर आहे, पण वास्को द गामावर नाही. तो विषय आपण कधीतरी वेगळा घेऊ.

तुमच्यापैकी जुन्या श्रोत्यांना माहितीये की मी आणि बायको, आम्ही रजा साठवतो आणि एकाच शहरात महिनाभर खोली घेऊन राहतो. दहा दिवसांत सात देश वगैरे आम्हाला जमत नाही. एक गल्ली, एक भाजीवाला, एक कॉफीचं दुकान आणि खूप चालणं, बस. लिस्बनला तर हे फारच सोपं जातं. बिका म्हणजे छोटी कडक कॉफी, ती घेऊन तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही.

तिथल्या रुआ दा सोसिएदादे फार्मास्युतिका नावाच्या रस्त्यावर एक स्मृतिफलक आहे. मार्केश द पोंबाल चौकापासून चालत जाण्याइतकं अंतर. पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत. 1941 च्या सुरुवातीचे चार महिने इथे एक जोडपं राहत होतं: हाना आरेंट आणि तिचा नवरा हाइनरिश ब्ल्यूखर. लांबून बघितलं असतं तर त्यांचा दिनक्रम आमच्यासारखाच वाटला असता. भाड्याची जागा, वाचन, गप्पा, फेरफटका. फरक एवढाच, की आमच्या खिशात परतीचं तिकीट होतं आणि त्यांना परतायला देशच नव्हता.

थोडं मागे जाऊ. आरेंट जर्मन ज्यू. 1933 मध्ये हिटलर आल्यावर ती पॅरिसला पळाली. पुढे जर्मनीनं तिचं नागरिकत्व काढून घेतलं. ब्ल्यूखर ज्यू नव्हता, पण बर्लिनचा जुना कम्युनिस्ट, म्हणजे त्यालाही धोका तेवढाच. जानेवारी 1940 मध्ये त्यांनी पॅरिसात लग्न केलं आणि काही महिन्यांत फ्रेंच सरकारनंच दोघांना 'शत्रू देशाचे नागरिक' म्हणून वेगवेगळ्या छावण्यांत टाकलं. आरेंट गुर्सच्या छावणीत होती. जूनमध्ये फ्रान्स कोसळला, त्या गोंधळात ती बाहेर पडली आणि मोंतोबां गावात दोघांची पुन्हा गाठ पडली. फोन नाही, पत्ता नाही, आणि तरी गाठ पडली! मला ही गोष्ट अजून खरी वाटत नाही.

आता युरोपातून सुटायचं कुठून? बंदरांपैकी सोयीचं उरलं लिस्बन. पोर्तुगाल तटस्थ होता, सालाझारची हुकूमशाही होती, आणि तिथून अमेरिकेला जहाजं सुटत होती.

पण लिस्बनला पोचायचं कसं, हे नीट समजून घ्या, कारण खरी गोम इथे आहे. पोर्तुगालचा ट्रान्झिट व्हिसा हवा तर पुढच्या देशाचा व्हिसा आणि जहाजाचं तिकीट दाखवा. स्पेनमधून जायचं तर आधी पोर्तुगालचा व्हिसा दाखवा. फ्रान्समधून बाहेर पडायला वेगळा परवाना. आणि प्रत्येक कागदाला मुदत! चौथा कागद मिळेपर्यंत पहिल्याची तारीख उलटलेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा चक्क डेडलॉक. प्रत्येक प्रोसेस दुसरीची वाट बघतेय आणि सिस्टिम थिजलेली. फक्त इथे रीस्टार्ट मारायची सोय नाही.

वाल्टर बेन्यामिनचं हेच झालं. तो आरेंटचा मित्र, मोठा लेखक-विचारवंत. त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेन-पोर्तुगालचे ट्रान्झिट व्हिसे होते. फ्रान्समधून बाहेर पडायचा परवाना तेवढा नव्हता. सप्टेंबर 1940 मध्ये डोंगर ओलांडून तो स्पेनच्या हद्दीतल्या पोर्टबोऊला पोचला, तिथे त्याला परत पाठवणार म्हणून सांगितलं गेलं, आणि 26 तारखेच्या रात्री त्यानं जीव दिला. जाण्याआधी मार्सेत त्यानं आपल्या काही लेखांची हस्तलिखितं आरेंटकडे सोपवली होती. काही महिन्यांनी आरेंट पोर्टबोऊला गेली तेव्हा तिनं त्याची कबर शोधली. सापडली नाही.

जानेवारी 1941 मध्ये विशी सरकारनं बाहेर जाण्याचे नियम थोडा काळ सैल केले. ही दोघं लगेच निघाली, स्पेनमार्गे लिस्बनला आली आणि मग सुरू झालं वाट पाहणं.

तेव्हाचं लिस्बन कसं होतं? सगळा युरोप ब्लॅकआउटमध्ये, आणि इथे रस्त्यावर दिवे. आदल्याच वर्षी, जून ते डिसेंबर 1940, बेलेंमध्ये सालाझारनं 'पोर्तुगीज जगाचं प्रदर्शन' भरवलं होतं, साम्राज्याचा गौरव, वसाहतींचा खास विभाग वगैरे. एकीकडे हा थाट आणि दुसरीकडे रॉसिओ चौकातल्या कॅफेंमध्ये बसलेले निर्वासित. परदेशी बायका टोपी न घालता, मोजे न घालता, एकट्या टेबलावर बसून सिगरेट ओढताहेत, हे लिस्बनकरांनी कधी पाहिलं नव्हतं. पास्तेलारिया सुइसा या कॅफेच्या बाहेरच्या जागेला गावानं 'बोंपेर्नास' असं टोपणनाव ठेवलं: पॅरिसच्या मोंपार्नासवर कोटी, आणि अर्थ चांगल्या पायांचा! चावटपणा कुठल्याच गावाला सुटलेला नाही.

पैसेवाले एस्तोरिलच्या हॉटेलांत आणि कॅसिनोत. बाकीचे स्वस्त पेन्साओंमध्ये, म्हणजे खानावळ-कम-लॉजमध्ये. ज्यू समाजानं चालवलेल्या स्वयंपाकघरात जेवायचं. काम करायची परवानगी नाही. सकाळी वकिलात, दुपारी जहाज कंपनीची रांग, मग मुदत वाढवायला पोलीस. बऱ्याच जणांना लिस्बनबाहेर काल्दाश दा राइन्या, फिगेरा दा फोझ अशा गावांत ठेवलं, तिथून परवानगीशिवाय हलायचं नाही. ही गावं सुट्टीला जाण्यासारखी, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की लोक हवापालटाला आलेत.

यातले हजारो लोक इथवर पोचले ते बोर्दोचा पोर्तुगीज कॉन्सल आरिश्तिदेश द सोझा मेंदेश याच्यामुळे. नोव्हेंबर 1939 च्या 14 क्रमांकाच्या परिपत्रकानं राष्ट्रहीन लोकांना आणि हाकलल्या गेलेल्या ज्यूंना लिस्बनच्या परवानगीशिवाय व्हिसा द्यायला बंदी केली होती. जून 1940 मध्ये यानं ते परिपत्रक बाजूला ठेवलं आणि दिवसरात्र शिक्के मारले. त्याला परत बोलावलं, चौकशी केली, नोकरी संपवली. चौदा मुलांचा बाप, 1954 मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. पोर्तुगालनं त्याला राष्ट्रीय पँथेऑनमध्ये मान दिला तो 2021 मध्ये.

आरेंट आणि ब्ल्यूखर या रिकाम्या दिवसांत काय करत होते? बेन्यामिनचं ते इतिहासावरचं शेवटचं लिखाण एकमेकांना आणि जमलेल्या निर्वासितांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. मला लिस्बनमध्ये सगळ्यात जास्त आठवलं ते हेच. मेलेल्या मित्राचा मजकूर, ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच आपलं पुढे काय होणार ते माहीत नाही, आणि चर्चा चाललीये ती प्रगती या कल्पनेत काय चुकतं यावर. मी त्या जागी असतो तर फक्त तारखा मोजत बसलो असतो.

10 मे 1941 ला दोघं 'गिने' जहाजावर चढली आणि 22 मे रोजी न्यूयॉर्कला उतरली. खिशात 25 डॉलर. आरेंटची आई काही आठवड्यांनी मागून पोचली. वेळ अगदी थोडक्यात साधली, कारण जूनमध्येच अमेरिकेनं नियम आवळले: ज्यांचे जवळचे नातलग जर्मनांच्या ताब्यातल्या प्रदेशात आहेत त्यांना व्हिसा मिळणं फार अवघड झालं. आरेंटला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं 1951 मध्ये. तोवर राष्ट्रहीन. नागरिकत्व गेलं की माणसाचे बाकीचे हक्कही कसे हवेत विरतात, हे तिनं पुढे जे मांडलं ते या रांगांमध्ये उभं राहून शिकलेलं आहे, असं माझं मत.

एक शेवटची गोष्ट, आपल्याकडची. काइश दु सोद्रेहून एस्तोरिलकडे लोकल जाते, समुद्राच्या काठाकाठानं, फार सुंदर. मध्ये कशियाश नावाचं स्टेशन लागतं. निर्वासितांच्या मुक्कामाची मुदत वाढवायची की नाही हे ठरवणारं जे गुप्त पोलीस दल होतं, त्याचं 1945 मध्ये नाव बदललं, काम तेच राहिलं. त्यांचा राजकीय कैद्यांचा तुरुंग या कशियाशच्या किल्ल्यात. गोवा मुक्तिसंग्रामातले आपले मोहन रानडे, मूळचे सांगलीचे, 1955 मध्ये गोव्यात जखमी अवस्थेत पकडले गेले, त्यांना पुढे इथे आणून ठेवलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये.

बायको खिडकीकडे बसली होती. मी तिला हे सांगेपर्यंत स्टेशन मागे गेलं होतं, म्हणून आम्ही पुढच्या थांब्यावर उतरून उलटी गाडी पकडली.