धाराशिव पठार आणि अशोकवृक्ष : एक नामचिकित्सा

संस्कृत साहित्यातील उद्यानवर्णनांत अशोकास मानाचे स्थान आहे. युवतीच्या पादाघाताने तो फुलतो या दोहदसंकेतावर ‘मालविकाग्निमित्रा’च्या तिसऱ्या अंकातील प्रमुख प्रसंग आधारलेला आहे. परंतु उद्यानात मिरविणारा हा वृक्ष मूळचा अरण्यवासी होय. सह्याद्रीच्या सदाहरित वनांत, ओढ्याकाठच्या ओलसर सावलीत तो वाढतो. त्याच्या फुलास पाकळ्या नसतात. नारिंगी, पुढे तांबडी होणारी संदलेच पाकळ्यांसारखी शोभतात.

धाराशिव जिल्ह्याची प्रकृती याहून सर्वस्वी भिन्न आहे. बालाघाटच्या या पठारावर वर्षाकाठी सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. येथील नैसर्गिक वन शुष्क पानझडीचे आहे. सबब येथे अशोक दिसलाच, तर तो कोणीतरी लावलेला व पाणी घालून जगविलेला समजावा. पाणी अडवून राखण्याची विद्या या प्रदेशास अपरिचित नव्हती. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळी (१५८०–१६२७) नळदुर्गास बोरी नदीवर बांधलेला बंधारा व त्यातील पाणीमहाल तिची साक्ष देतात. तथापि केवळ पाण्याच्या सोयीवरून विशिष्ट वृक्षाचे अस्तित्व सिद्ध होत नाही.

नामसाम्यावरून तर ते मुळीच होत नाही. प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर. पण ‘तगर’ हे वनस्पतीचेही नाव आहे. अमरकोशात ‘वंजुल’ हा शब्द अशोकाप्रमाणेच वेतासही लावलेला आढळतो. आज तर महाराष्ट्रभर शाळा-कचेऱ्यांच्या आवारात ‘अशोक’ म्हणून जो उंच, नागमोडी कडांच्या पानांचा वृक्ष उभा असतो, तो दक्षिण भारत व श्रीलंकेकडील खोटा अशोक होय. तो कोरडी हवा अधिक सोसतो, म्हणून पठारावर नाव अशोकाचे राहिले आणि वृक्ष मात्र बदलला.

हा घोटाळा निव्वळ शाब्दिक नाही. अशोकाची साल ‘अशोकारिष्टा’त वापरतात, तिच्यात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होत असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. दुसरीकडे, साल काढण्याच्या अतिरेकाने खरा अशोक अरण्यातून विरळ होत चालला आहे. १९९८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना संकटप्रवण जातींत झाली.

म्हणून स्थानिक उद्यानांचा इतिहास लिहिताना ग्रंथातील नाव, जागेवरील वृक्ष आणि पाण्याची व्यवस्था ही तीन प्रमाणे स्वतंत्रपणे तपासली पाहिजेत. तिन्ही जुळतील तेथेच ‘येथे अशोक होता’ असे विधान करावे.