गल्लीचे नाव, बाजाराचा पत्ता

मंडळी, घरात लग्नकार्य निघाले की गावाकडचा माणूस शहराची वाट धरतो. भांडी घ्यायची, लुगडी घ्यायची, मंगळसूत्र करायला टाकायचे. आणि संध्याकाळची एस.टी. तर गाठायचीच असते. अशा घाईत छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात शिरले की माणूस गांगरतो. कोणती गल्ली धरावी? पण या शहराने आपल्या बाजारांचे पत्ते लपवून ठेवलेले नाहीत. ते गल्ल्यांच्या नावांतच आहेत. ती नावे वाचायची कशी, एवढेच आज पाहू.

आधी थोडा इतिहास. इ.स. १६१० मध्ये मलिक अंबराने खडकी गावी हे शहर वसवले. डोंगराकडचे पाणी नहरीने गावात आणले. पाणी आले तशी वस्ती वाढली. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहराला औरंगाबाद हे नाव पडले. १६८२ मध्ये भोवती कोट उभा राहिला. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ पासून सरकारी दप्तरात रूढ झाले.

आता नावांकडे वळू. पहिली नावे सरदारांची. जयसिंगपुरा म्हणजे मिर्झाराजे जयसिंगांचा, कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंगांचा, पदमपुरा त्यांच्या मुलाचा, पदमसिंगाचा. सरदार आला की बरोबर फौज आली, घोडे आले. माणसांना धान्य हवे, घोड्यांना दाणावैरण हवी, कुणाला जीन शिवून हवे, कुणाला हत्याराला धार हवी. म्हणजे छावणीच्या पाठोपाठ बाजार आलाच.

दुसरी नावे धंद्यांची. आपल्या खरेदीला हीच उपयोगी. कासारी बाजार म्हटले की तांब्यापितळेची भांडी. कुंभारवाडा म्हटले की मडकी, रांजण. रंगारगल्ली ही कापड रंगवणाऱ्यांची. गुलमंडीतला ‘गुल’ म्हणजे फूल, ‘मंडी’ म्हणजे बाजार. आणि सराफा? आज आपण तिथे सोन्यासाठी जातो, पण ‘सराफ’ हा शब्द मुळात नाणी पारखणाऱ्याचा, मोडून देणाऱ्याचा. निजामाच्या राज्यात हाली रुपया चालत असे आणि पलीकडे इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार असा हिशेब. सरहद्दीपलीकडे माल नेणाऱ्याला सराफाची पायरी चढावीच लागे. हाली शिक्का १९५० नंतरच्या दशकात व्यवहारातून उठला. सराफ्यात दागिने तेवढे राहिले.

तिसरी नावे वाटांची. पैठण गेट, दिल्ली गेट ही नावे कोणत्या गावची वाट कुठून सुटते ते सांगतात. जिथे वाट गावात शिरते तिथे गाड्या थांबतात आणि घाऊक माल उतरतो. जाफर गेटजवळचा मोंढा असाच. मोंढा हा आपल्या मराठवाड्याचा खास शब्द. १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि धान्य-कापसाच्या उलाढालीला लांबची गिऱ्हाइके मिळाली.

आता कुणी विचारील, एकाच मालाची दुकाने अशी दाटीवाटीने का बसतात? विखरून बसली तर प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे राहील ना? पण पाहा. कच्चा माल एकत्र आणता येतो, हत्यार शेजाऱ्याकडून मागता येते, कारागीर हाताशी राहतो. पुण्याची तांबट आळी आणि मुंबईचा झवेरी बाजार याच रीतीने वसले. गिऱ्हाइकाचा फायदा त्याहून मोठा. पहिल्या दुकानात भाव विचारावा, तिसऱ्यात माल पाहावा, पाचव्यात घ्यावा. अनोळखी शहरात खेडुताच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. ते काम शेजारचे दुकान करते.

पण हा न्याय विकायला आलेल्याला आपोआप मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा. आडत्यांची दुकानेसुद्धा ओळीनेच होती. तरी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. दुकाने जवळ असून भागत नाही, भाव उघड असावा लागतो. म्हणूनच हैदराबाद संस्थानात १९३० मध्ये शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि महाराष्ट्रात १९६३ मध्ये बाजार समित्यांचा. पुढे शेतमालाची मोठी उलाढाल जाधववाडीच्या आवारात गेली. जुन्या जागेला लोक अजून जुना मोंढाच म्हणतात.

यावरून दुसरी गोष्ट कळते. धंदा उठतो, नाव मागे राहते. कापड गिरणीतूनच रंगून येऊ लागले, तसे रंगाऱ्यांचे काम ओसरले. गुलमंडीवर आज माणूस कपडालत्ता घ्यायला जातो. तेव्हा नावावर विसंबून थेट पैसे काढू नका. आधी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हे काही मोठ्या शहरापुरतेच नाही. आपल्या तालुक्याच्या गावीही कासारगल्ली, सराफा, मोंढा असतोच. मुलांना तिथे न्या. वहीत तीन रकाने आखायला सांगा : गल्लीचे नाव, पूर्वीचा धंदा, आजचा धंदा. मधला रकाना पुस्तकात मिळायचा नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारून भरावा लागेल, आणि ही माणसे आहेत तोवरच तो भरता येईल. दिवाळीच्या सुटीत एक सकाळ या कामाला द्या.