टोपोआयसोमरेज विकरे व त्यांची उत्क्रांती

टोपोआयसोमरेज : डीएनएच्या दुपेडी धाग्यातील पीळ, वेढे व गाठी सोडवणारी विकरे. ती धागा क्षणभर तोडतात, पीळ मोकळा करतात आणि तुटलेली टोके पुन्हा सांधतात. ई. कोलाय या जीवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या असून साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा पडतो. त्यामुळे प्रत्येक विभाजनापूर्वी चार लाखांहून अधिक वेढे उलगडावे लागतात. या विकरांवाचून कोणतीही पेशी जगू शकत नाही. जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये याच जीवाणूतून पहिल्या टोपोआयसोमरेजचा शोध लावला.

पहिल्या वर्गातील विकरे डीएनएचा एकच पेड तोडतात, दुसऱ्या वर्गातील दोन्ही. काम सारखे असले तरी या विकरांची अनेक स्वतंत्र कुळे आहेत. पहिल्या वर्गाचे ‘एक-ए’ कुळ जीवाणू, आर्किया व दृश्यकेंद्रकी या तिन्ही अधिक्षेत्रांत आढळते. दुसऱ्या वर्गातील गायरेज (शोध १९७६) हे मुख्यतः जीवाणूंचे विकर; वनस्पतींच्या हरितलवकातही ते असते, कारण हरितलवक मुळात जीवाणूपासूनच उद्भवले. आर्कियात प्रामुख्याने टोपोआयसोमरेज-सहा असते. त्याचेच नातलग असलेले स्पो-११ हे प्रथिन दृश्यकेंद्रकींत अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी डीएनए तोडून जनुकांच्या अदलाबदलीला सुरुवात करून देते. अतितप्त झऱ्यांतील सूक्ष्मजीवांत उलट-गायरेज असते. टी-४ सारखे काही विषाणूही स्वतःचे टोपोआयसोमरेज बाळगतात. म्हणून यांतील काही कुळे विषाणूंमार्फत पसरली असावीत, असे एक मत आहे.

कुळांमधील हा फरक वैद्यकाला फार उपयोगी पडला आहे. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे क्षयजंतूचे गायरेज डीएनएवर अडकवून ठेवतात. माणसाच्या विकरांवर त्यांचा प्रभाव फारच कमी असतो. सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात मिळणारे कॅम्प्टोथेसिन मात्र माणसाच्या टोपोआयसोमरेज-एकवर नेमके बसते. विकर तोडलेल्या पेडाला चिकटून राहते, डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा त्यावर येऊन आदळते, दोन्ही पेड तुटतात आणि वेगाने वाढणारी कर्कपेशी मरते. टोपोटेकन व इरिनोटेकन ही कर्करोगावरील औषधे यातूनच तयार झाली. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या चिनी कॅम्प्टोथेका वृक्षाच्या स्वतःच्या विकरात एक अमिनो आम्ल बदललेले असते, त्यामुळे त्याला या विषाची बाधा होत नाही. नरक्याची मात्र याच द्रव्यासाठी बेसुमार तोड झाली असून त्याचे संरक्षण आवश्यक ठरले आहे.