न्गिडींचा प्रश्न आणि बिशप कोलेन्सो

दक्षिण आफ्रिकेतील नाताळचे अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो हे मूळचे गणिती. बायबलचे झुलू भाषांतर चालू असता नोहाच्या जलप्रलयाची कथा आली. तेव्हा त्यांचे झुलू सहकारी विल्यम न्गिडी यांनी विचारले, हे सारे खरे आहे काय? उष्ण व शीत देशांतील यच्चयावत प्राणी एका तारवात आले? भूगर्भशास्त्र वाचलेल्या बिशपांना होकार देववेना.

1862 साली त्यांनी मोझेसच्या पंचग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. सहा लाख लढवय्ये, म्हणजे सुमारे वीस लाखांचा समुदाय अरण्यात कसा जगला, हे त्यांनी आकडेमोडीने तपासले. प्रस्तावनेत न्गिडींचा प्रश्न आहे. नाव मात्र नाही. धर्मांतर करावयास गेलेल्या बिशपाचेच एका झुलूने मतांतर केले, अशी इंग्लंडात टवाळी झाली. म्हणजे शंका कोणती, यापेक्षा ती कोणी घेतली हेच लोकांना अधिक झोंबले. शब्दप्रामाण्याचा हा स्वभाव आपणांस अपरिचित नाही. ग्रंथात आहे एवढ्यावरून मानू नका, हे कालामांना सांगताना तथागतांनी प्रश्नकर्त्याचे कुळ विचारले नव्हते.

1863 साली केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी कोलेन्सोंना पदच्युत केले. 1865 साली प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय अवैध ठरविला. कोलेन्सोंनी ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही. 1874 साली ह्लुबी प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर खटला झाला, तेव्हा वसाहत सरकारविरुद्ध हेच बिशप उभे राहिले.