जपानांतील अंधांची मर्दनविद्या

जपानी भाषेंत ‘काताकोरी’ असा एक शब्द आहे. दिवसभर एकाच जागीं वाकून काम केल्यानें मानेपासून खांद्यांपर्यंत जो ताठरपणा येतो, त्याचें हें नांव. हें दुखणें कांहीं जपानचीच मिरास नव्हे. हिशेबाच्या वहीवर मान मोडणारा कारकून सर्वत्र आहे. परंतु तो शिणलेला खांदा कोणी चेपावयाचा, या प्रश्नांत कायद्यानें इतका दीर्घकाळ लक्ष घातल्याचें उदाहरण जपानसारखें दुसरें क्वचितच सांपडेल. कारण तेथें त्या प्रश्नाशीं अंध स्त्रीपुरुषांच्या पोटाचा प्रश्न जोडला गेलेला आहे.

अंगमर्दनाला तेथें ‘आन्मा’ म्हणतात. शब्द मूळचा चिनी असून तो ज्या दोन अक्षरांनीं लिहितात त्यांचे अर्थ ‘दाबणें’ व ‘चोळणें’ असे आहेत. आठव्या शतकांतल्या विधिसंहितेंतच राजदरबारच्या वैद्यकखात्यांत या विद्येच्या अध्यापकाची तरतूद आढळते. आपल्या अभ्यंगाप्रमाणें येथें तेल लागत नाहीं. अंगावरचें वस्त्र तसेंच ठेवून त्यावरून दाबतात, आणि मर्दकाचा हात धडाकडून हातापायांच्या टोकांकडे जातो. युरोपीय मर्दनाची दिशा याच्या उलट, हृदयाकडे. स्नायु कोठें आखडला आहे, गांठ कोठें धरली आहे, हें बोटांनाच समजावें लागतें. डोळ्यांना तेथें फारसें काम नाहीं.

ही विद्या अंधांच्या हातीं सोंपविण्याचें मोठें श्रेय सुगियामा वाइची (१६१०–१६९४) याला देतात. लहानपणींच दृष्टि गेलेला हा मुलगा एदो शहरीं, म्हणजे हल्लींच्या टोकियोंत, सुया टोंचण्याची चिकित्सा शिकावयास गेला; पण मंदबुद्धि ठरवून गुरूनें त्याला घालवून दिलें. आख्यायिका अशी कीं, एनोशिमा बेटावर बेंतेन देवीपुढें उपोषण करून परततांना तो ठेंच लागून पडला, आणि वळलेल्या पानांत अडकलेली पाइन वृक्षाची टोंकदार पाती त्याच्या हाताला लागली. (ही बेंतेन म्हणजे आपल्या सरस्वतीचेंच जपानी रूप.) त्यावरून बारीक नळींतून सुई टोंचण्याची युक्ति त्याला सुचली. आख्यायिका कशीही असो, नळी खरी आहे आणि आजही वापरांत आहे. डोळसाला ती सोयीची. अंधाला तर तिच्यावांचून नेमकी जागा साधणें कठीण.

पुढें शोगुन त्सुनायोशी याच्या दुखण्यावर सुगियामाचा उपाय लागू पडला. काय हवें असें विचारतां त्यानें एक डोळा मागितला, असें सांगतात. शोगुनानें त्याला होंजो भागांतील ‘हितोत्सुमे’ नांवाची जागा दिली. या शब्दाचा एक अर्थ ‘एक डोळा’ असाही होतो. कोटी दरबारी खरी, पण देणगी भरीव होती. राजाश्रय मिळाल्यावर त्यानें सुया व मर्दन या दोन्ही विद्या अंधांना शिकविणाऱ्या शाळा काढल्या. पॅरिसची नामांकित अंधशाळा निघाली ती यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, १७८४-८५ च्या सुमारास.

एदोच्या गल्ल्यांतून रात्रीं बारीक शिटी ऐकूं येई. काठी टेंकीत जाणारा तो अंध मर्दक असे. दिवसाचें काम आटोपलेला दुकानदार किंवा कारागीर त्याला घरांत बोलावी. सबंध अंग चेपून घेण्याचा भाव साधारणपणें ४८ मोन असे. शेवयांचें एक वाडगें तेव्हां १६ मोनांस मिळे. या लोकांना केवळ दयेचे धनी समजणें मात्र चुकीचें होईल. अंध पुरुषांची ‘तोदोझा’ नांवाची श्रेणी होती, तींत पदव्यांच्या पायऱ्या होत्या, त्या पैसे भरून चढाव्या लागत, आणि वरच्या पायरीवरील कित्येकजण सावकारी करून गबर झाले होते. त्यांच्या व्याजाची धास्ती सामुराईंनाही असे.

१८७१ सालीं मेइजी सरकारनें ही श्रेणी मोडली. सावकारांचें गेलें त्याचें दुःख नको. पण शिटी वाजवीत फिरणाऱ्याचा आधारही त्याबरोबर गेला, आणि धंदा सर्वांना मोकळा झाला. १९११ सालीं परवान्याचे नियम झाले व त्यांत अंधांसाठीं सोपी परीक्षा ठेवण्यांत आली. महायुद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनीं या जुन्या चिकित्सांना अशास्त्रीय ठरवून त्या बंद करण्याकडे कल दाखविला. तेव्हां अंध व्यावसायिकांनीं जोराचा विरोध केला, आणि डिसेंबर १९४७ च्या कायद्यानें धंदा वांचला.

खरा वाद आहे तो १९६४ सालच्या दुरुस्तीचा. अंध मर्दकांचा चरितार्थ बिकट होऊं नये म्हणून डोळसांसाठीं मर्दनाचे नवे अभ्यासक्रम ‘तूर्त’ नाकारण्याचा अधिकार तिनें सरकारला दिला. हें ‘तूर्त’ अर्धशतकाहून अधिक टिकलें. एका शिक्षणसंस्थेनें न्यायालयांत दाद मागितली: व्यवसायस्वातंत्र्य सर्वांना आहे, अंधांना आतां दुसरे धंदेही खुले आहेत, मग ही बंदी कशास? ७ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बंदी घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. संस्थेचा युक्तिवाद पोकळ नव्हता; एकाच धंद्याची राखीव जागा ही आश्रय असते तशी चौकटही होते. तरीही ज्याच्यापुढें मुळांतच वाटा थोड्या, त्याची ठरलेली वाट काढून घेण्यापूर्वीं दुसरी दाखवावी, एवढें मागणें रास्तच म्हटलें पाहिजे.

शिवाय अंध मर्दकाचा मोठा प्रतिस्पर्धी हा परवानाधारक डोळस नव्हेच. अपाय होण्याचा संभव असेल तरच बिनपरवाना उपचार दंडनीय, असा निर्णय त्याच न्यायालयानें १९६० सालीं दिला होता. त्या फटींतून ‘विश्रांति’ विकणारीं दुकानें शहरोशहरीं निघालीं. तीन वर्षें शरीरशास्त्र शिकून सरकारी परीक्षा उतरलेला अंध मनुष्य आणि अल्प शिक्षणावर कामाला लागलेला नोकर यांतला फरक सायंकाळीं दमून घरीं निघालेल्या गिऱ्हाइकाला कळणार कसा?

यांतून एक नवा मार्ग निघाला आहे. अनेक जपानी कंपन्या परवानाधारक अंध मर्दकांना पगारी नोकर म्हणून कचेरींतच ठेवतात. अपंगांना ठराविक प्रमाणांत नोकऱ्या देणें कायद्यानें बंधनकारक आहे. २०२४ सालीं खाजगी कंपन्यांसाठीं तें प्रमाण २.५ टक्के झालें. कचेरींतल्या एखाद्या लहानशा खोलींत कर्मचारी वेळ ठरवून येतो, खांदे चेपून घेतो आणि पुन्हा आपल्या मेजाकडे जातो. मर्दकाला महिन्याचा पगार मिळतो. रात्रीं शिटी वाजवीत हिंडावें लागत नाहीं. २०२० सालच्या साथींत लोक घरूनच काम करूं लागले, तेव्हां मात्र या खोल्यांकडे येणारे खांदेच उरले नाहींत.