पैसा आला कुठून, पुरणार किती दिवस? डॉट-कॉम काळातला छोटा गुंतवणूकदार आणि त्याच्यापुढचे कागद

डॉट-कॉमचा फुगा म्हटलं की एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. १९९९ मध्ये अमेरिकेतले लोक वेडे झाले, नावामागे 'डॉट-कॉम' लागलेलं काहीही विकत घेत सुटले, २००० मध्ये फुगा फुटला आणि लोभाची शिक्षा मिळाली. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच संशोधन करणाऱ्याने तिच्याकडे जरा संशयाने बघावं. कारण या गोष्टीत एक साधा प्रश्न कुणी विचारतच नाही: त्या माणसाच्या हातात तेव्हा नेमकी कोणती माहिती होती?

आज आपण हाच प्रश्न घेऊ, आणि त्यासाठी एकच कंपनी बघू: 'ईटॉईज'. इंटरनेटवरून खेळणी विकणारी कॅलिफोर्नियातली कंपनी. आर्थिक इतिहास तुमचा विषय नसला तरी लेख वाचा. 'कागद उपलब्ध होता' आणि 'कागद वाचता येत होता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुठल्याही विषयात उपयोगी पडतं.

कागद घरात कसे पोचले

अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, थोडक्यात तिथली 'सेबी'. शेअर विकायचे तर कंपनीला हिच्याकडे माहितीपत्रक दाखल करावं लागतं, आणि नंतर दर तिमाहीला व दर वर्षाला अहवाल. हे कागद कायद्याने सार्वजनिकच होते. पण १९९० च्या सुमारास ते बघायचे तर कमिशनच्या वाचनकक्षात जायचं, नाहीतर पैसे मोजून एखाद्या माहिती-कंपनीकडून घ्यायचे. म्हणजे सार्वजनिक, पण कुणासाठी?

१९९४ च्या सुरुवातीला कार्ल मालामुद यांच्या 'इंटरनेट मल्टिकास्टिंग सर्व्हिस' या ना-नफा संस्थेने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साथीने हे अहवाल इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. १९९५ मध्ये त्यांनी सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केला आणि ते काम शेवटी कमिशनने स्वतःकडे घेतलं. हीच 'एडगर' प्रणाली. मे १९९६ पर्यंत अमेरिकी कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कागद दाखल करणं सक्तीचं झालं. ऑक्टोबर १९९८ पासून माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ, सारांश आणि जोखमींचं प्रकरण साध्या इंग्रजीत लिहिण्याचा नियमही आला.

म्हणजे १९९९ मध्ये एखाद्या शाळेतल्या शिक्षकाला रात्री जेवण झाल्यावर घरच्या संगणकावर कंपनीचं माहितीपत्रक उघडता येत होतं. हे इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. 'लोक न वाचता घेत होते' असं सरसकट म्हणण्याआधी हे लक्षात ठेवा.

माहितीपत्रकात काय होतं

ईटॉईजचे शेअर २० मे १९९९ रोजी बाजारात आले. विक्रीचा भाव होता २० डॉलर. पहिल्याच दिवशी बाजार बंद होताना भाव ७६ डॉलरच्या वर होता. त्या भावाने कंपनीची किंमत सुमारे ७.८ अब्ज डॉलर झाली, म्हणजे देशभर दुकानं असलेल्या 'टॉईज आर अस'पेक्षा जास्त. मार्च १९९९ ला संपलेल्या वर्षात ईटॉईजची विक्री होती सुमारे ३ कोटी डॉलर आणि तोटा जवळपास तेवढाच.

हा तोटा लपवलेला नव्हता. त्या काळातल्या बहुतेक इंटरनेट कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'आम्हाला तोटा झाला आहे आणि पुढेही होत राहील' हे स्पष्ट लिहिलेलं असे. गंमत अशी की सगळेच हे लिहीत असल्यामुळे वाक्याचा अर्थच निघून गेला. आपल्याकडे म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी धडाधड म्हटला जाणारा इशारा आठवा. कायद्याने माहिती दिली जाते, पण कानावर पडत नाही.

मग उपयोगाचं काय होतं? तीन गोष्टी.

पहिली, किती शेअर प्रत्यक्ष बाजारात होते. ईटॉईजने त्या दिवशी विकले सुमारे ८३ लाख शेअर. कंपनीचे एकूण शेअर होते १० कोटींच्या आसपास. म्हणजे ज्या ७.८ अब्जांची चर्चा झाली, तो आकडा जेमतेम ८ टक्के शेअरच्या खरेदी-विक्रीतून ठरलेला भाव बाकीच्या ९२ टक्क्यांना लावून काढला होता. उरलेले शेअर संस्थापक, कर्मचारी आणि आधीच्या भांडवलदारांकडे. त्यांना ठरावीक काळ विक्रीची बंदी असे. रूढ मुदत १८० दिवस. मे महिन्यात आलेल्या कंपनीसाठी मुदत संपते नोव्हेंबरमध्ये. ईटॉईजचा भाव ऑक्टोबर १९९९ मध्ये सर्वात उंच, ८० डॉलरच्या वर होता, आणि तिथून उतरला तो परत तिथवर गेलाच नाही.

दुसरी, रोकड. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मार्च २००० ला संपलेल्या वर्षात ईटॉईजची विक्री सुमारे १५.१ कोटी डॉलर, तोटा सुमारे १९ कोटी डॉलर. 'तोट्याला बाराने भागा, महिन्याचा खर्च कळेल' असं वाटतं ना? चूक. या तोट्यात काही खर्च फक्त हिशोबातले होते. कंपनीने 'बेबीसेंटर' ही कंपनी आपले शेअर देऊन विकत घेतली होती. तिच्या किमतीचा काही भाग दर वर्षी खर्च म्हणून दाखवला जाई, पण त्यासाठी तिजोरीतून पैसा जात नव्हता. उलट दिशेने, नाताळसाठी खेळणी कित्येक महिने आधी भरून ठेवावी लागत. त्यासाठी पैसा आज जाई, पण नफा-तोटा पत्रकात तो खर्च म्हणून नंतर दिसे. म्हणून रोकड किती जळतेय हे बघायचं तर रोख प्रवाहाचं पत्रक उघडावं लागतं. तेही एडगरवर होतं, पण बरंच खाली.

तिसरी, पुढचा पैसा कोणत्या अटीवर आला. डिसेंबर १९९९ मध्ये कंपनीने १५ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे विकले. हे कर्जच, पण ठरलेल्या भावाने त्याचे शेअर करून घेता येतात. भाव चढला तर धनको शेअर घेतो, पडला तर कर्ज मानेवर राहतं. जून २००० मध्ये आणखी १० कोटी डॉलर आले, ते परिवर्तनीय प्राधान्य शेअर विकून. तोवर बाजार उतरला होता. अशा काळात पैसा देणारे अनेकदा अट घालत की रूपांतराचा भाव बाजारभावाप्रमाणे बदलेल. हिशोब करून बघा: १० कोटी डॉलरचे शेअर १० डॉलर भावाने केले तर १ कोटी शेअर, २ डॉलर भावाने केले तर ५ कोटी. भाव जितका पडेल तितके नवे शेअर जास्त, आणि आधीच्या छोट्या भागधारकाचा हिस्सा तितका लहान. 'कंपनीला १० कोटी मिळाले' ही बातमी वाचणारा खूश होतो. अटींचं परिशिष्ट वाचणारा घाबरतो.

हिशोब मांडणारे होते का?

होते. नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर बंद झाला, तो त्याचा उच्चांक ठरला. त्यानंतर दहा दिवसांत 'बॅरन्स' साप्ताहिकाने २०७ इंटरनेट कंपन्यांची रोकड मोजून सांगितलं की किमान ५१ कंपन्यांचा पैसा वर्षभरात संपेल. यासाठी कुठली गुप्त माहिती लागली नाही. कंपन्यांचेच अहवाल घेतले आणि भागाकार केला.

मात्र छोट्या गुंतवणूकदाराच्या कानात दुसरे आवाजही होते. दलाली पेढ्यांचे विश्लेषक ज्या कंपन्यांना 'घ्या' म्हणत होते, त्याच कंपन्यांकडून त्यांच्या पेढ्या शेअर-विक्रीच्या कामाची फी घेत होत्या. पुढे चौकशीत काहींची खासगी ई-मेल बाहेर आली, त्यात त्याच शेअरबद्दल वेगळंच मत होतं. २००३ मध्ये दहा मोठ्या पेढ्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड केली. शिवाय ऑक्टोबर २००० पर्यंत कंपनीने निवडक विश्लेषकांना आधी काही सांगण्यावर स्पष्ट बंदीही नव्हती. म्हणजे कागद सगळ्यांसाठी सारखे होते, पण कागदाभोवतीची कुजबुज सारखी नव्हती.

डिसेंबर २००० च्या मध्यावर ईटॉईजने जाहीर केलं की नाताळ तिमाहीची विक्री २१ ते २४ कोटींऐवजी १२ ते १३ कोटी डॉलरच होईल आणि रोकड मार्चअखेरपर्यंतच पुरेल. मार्च २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेअरचा भाव तेव्हा काही सेंट होता.

आता उलट बाजू: ॲमेझॉन

इथे थांबलो तर लेखाचा निष्कर्ष 'कागद वाचा, भविष्य कळेल' असा होईल. तो खोटा आहे. जून २००० मध्ये लेहमन ब्रदर्सचे रोखे-विश्लेषक रवी सुरिया यांनी हीच पद्धत ॲमेझॉनला लावली: कर्ज मोठं, रोकड जळतेय, बाहेरून नवा पैसा आला नाही तर चार तिमाहींत अडचण येईल. शेअर एका दिवसात सुमारे १९ टक्के पडला. पुढच्या वर्षी तो दहा डॉलरच्याही खाली गेला. आणि तरीही कंपनी तगली. २००१ च्या शेवटच्या तिमाहीत तिने पहिल्यांदा निव्वळ नफा दाखवला, ५० लाख डॉलर.

फरक कुठे पडला? काही भाग वेळेचा. ॲमेझॉनने बाजार कोसळण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारी २००० मध्ये, युरोपात ६९ कोटी युरोचे रोखे विकून पैसा आत घेतला होता. काही भाग धंद्याच्या रचनेचा. तिचा ग्राहक लगेच पैसे देई आणि पुरवठादाराचे पैसे नंतर द्यायचे असत. ईटॉईजचं तर वर्षच एका नाताळावर टांगलेलं. पण सुरियांचं वाचन 'चुकलं' असं मी म्हणणार नाही. त्यांनी धोका नीट दाखवला. धोका होता म्हणजे अपघात व्हायलाच हवा असं नसतं.

संशोधक म्हणून आपल्याला शेवट माहीत असतो, आणि तीच आपली अडचण आहे. ईटॉईजची कागदपत्रं वाचताना प्रत्येक ओळीत मरण दिसतं, ॲमेझॉनची वाचताना दूरदृष्टी. जून २००० मध्ये दोघींकडे बघणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी दिसत नव्हत्या. त्याला दिसत होत्या तोट्यातल्या दोन कंपन्या, आणि पणाला लागली होती त्याची बचत.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

एडगर आजही खुलं आणि फुकट आहे. एक बंद पडलेली आणि एक टिकलेली अशा दोन कंपन्या घ्या. एक तारीख ठरवा आणि त्या तारखेनंतरचा एकही कागद उघडू नका. रोकड, रोख प्रवाह, शेअरची संख्या आणि नव्या पैशाच्या अटी एका तक्त्यात भरा, दोघींबद्दल एक परिच्छेद लिहा. मगच पुढचे कागद उघडा.

भारतीय कंपनी घ्यायची असेल तर सावध. मुंबईची रेडिफ आणि चेन्नईची सत्यम इन्फोवे या दोन्ही त्याच काळात नॅस्डॅकवर गेल्या, पण परदेशी कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक दाखल करण्याची सक्ती नोव्हेंबर २००२ मध्ये आली. त्याआधीचा एखादा कागद एडगरवर सापडला नाही, तर 'कंपनीने माहिती दिलीच नव्हती' असं प्रबंधात लिहू नका. तो कागद कागदावरच असू शकतो.

आणि आणखी एक थर आहे. कंपनी बुडाल्यावर ईटॉईजच्या धनकोंनी शेअर-विक्री करणाऱ्या गोल्डमन सॅक्सवर खटला भरला: २० डॉलर हा भाव मुद्दाम कमी ठेवला, असा आरोप. प्रकरण २०१३ मध्ये तडजोडीने मिटलं. माहितीपत्रक सांगतं भाव किती ठरला; तो कसा ठरला हे शोधायला न्यायालयाचे कागद लागतात. १९९९ मधल्या छोट्या गुंतवणूकदाराकडे ते नव्हते. तुमच्याकडे आहेत. त्याला दोष देण्याआधी तुमच्या तक्त्यात एक स्तंभ वाढवा: 'हे त्याला तेव्हा कळू शकत होतं का?'