पंगत आणि पार्सल

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लॅस्टिक-थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, तेव्हा घरगुती खाद्यव्यावसायिकांना पत्रावळीकडे परतण्याचा सल्ला उदंड मिळाला. आमच्या मते या सल्ल्यात पंगत आणि पार्सल यांची गल्लत आहे. पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ पुढ्यात मांडण्यासाठी असते. तिला झाकण नाही, आणि आमटीसाठी द्रोण वेगळा लावावा लागतो. पंगतीत जेवणारा अन्नापाशी येतो. नोकरदारांच्या मुंबईत मात्र अन्नालाच जेवणाऱ्याकडे जावे लागले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाहतुकीचा इतिहास म्हणूनच अधिक उपयोगी ठरतो. कडीचा धातूचा डबा सहसा सांडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दुपारी परत येतो. झाकणावरच्या रंगीत खुणा त्याला घर दाखवतात. (ही लिपी आम्हां भाषेच्या माणसांना भुरळ घालते.) अर्थात परतीचा प्रवास फुकट नसतो. ठरलेले गिऱ्हाईक, घासण्याचे श्रम आणि डबेवाल्याची मजुरी एवढे गृहीत धरले, तरच हा हिशेब जुळतो. महिनेवारी डबा देणाऱ्या बाईला तो जुळवता येईल. एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी उसाच्या चिपाडाचे डबे मिळतात, पण गरम रस्सा तासभर ठेवून पाहिल्यावाचून ते शेकड्याने घेऊ नयेत.